बातमीची वही : कांदा, फळा आणि शेवटचा रकाना

प्रकल्प नोंदी, जानेवारी ते मे २०२४

१४ जानेवारी २०२४, रविवार

उद्या संक्रांत, घरोघरी तिळगुळाची गडबड, तरी संध्याकाळी वाचनालयात सात जण आले. चार कांदावाले, बचत गटाच्या दोघी आणि मी. शंभर पानी वही आणली आहे. पहिल्या पानावर फक्त एक तारीख लिहिली : ७ डिसेंबर २०२३.

त्या रात्री गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक पीडीएफ आली. विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना, इंग्रजीतली. कांदा निर्यात ३१ मार्चपर्यंत बंद. तेव्हा टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्याची, म्हणजे त्याहून स्वस्त बाहेर न विकण्याची, अट लागू होती आणि तिची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत होती. मुदत शिल्लक असताना मध्येच बंदी कशी येईल, असं म्हणून सगळ्यांनी ती पीडीएफ खोटी ठरवली. 'फेक आहे, पुढे पाठवू नका' हे वाक्य मी लिहिलं होतं. गावात वाचनालय मी चालवते, म्हणून लोकांनी ते मानलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या, माझे चुलते, ट्रॉली भरून निघाले. पोचले तर लिलाव बंद. भरलेली ट्रॉली तशीच घरी आली, डिझेल गेलं, मजुरी गेली, आणि लाल कांदा ताडपत्रीखाली घामेजला.

खोट्या बातमीला फसू नका, असं सगळेच सांगतात. आम्ही खऱ्या बातमीला खोटी म्हणून फसलो. माझ्या मनात ते अजून ताजं आहे आणि ही वही त्यासाठीच आहे.

ठरलं ते असं : शेतीची, कांद्याची जी बातमी मोबाइलवर येईल ती वहीत उतरवायची. तिची खात्री करायची. मगच वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर लिहायची. फळ्यावर खडूने लिहिलेलं गाव खरं मानतं, त्यामुळे तिथे घाई चालणार नाही.

१७ जानेवारी, बुधवार

रकाने आखले. बातमी काय. सांगतंय कोण. मूळ कागद पाहिला का. कधीपासून लागू आणि कधीपर्यंत. कोणत्या मालाला. एवढे झाल्यावर मला वाटलं, पुरे. तात्या म्हणाले, "खरी का खोटी ते तू बघ पोरी. मला एवढंच सांग, मी उद्या ट्रॉली जोडू का नको." म्हणून शेवटचा रकाना वाढवला. त्याला नाव दिलं 'आपलं काय'.

मूळ कागद कुठे मिळतो ते आज शोधून पहिल्या पानाच्या मागे लिहून ठेवलं. निर्यात चालू की बंद, किमान निर्यात मूल्य किती, हे विदेश व्यापार महासंचालनालय ठरवतं. त्यांच्या संकेतस्थळावर अधिसूचना क्रमांक आणि तारखेसह असतात. निर्यात शुल्काचा कागद मात्र वित्त मंत्रालयाचा. गेल्या वर्षी १९ ऑगस्टला ४० टक्के शुल्क लागलं ते त्यांच्याकडून, आणि ऑक्टोबरअखेर ८०० डॉलरची अट आली ती महासंचालनालयाकडून. गावात दोन्हीला मिळून 'निर्यातबंदी' म्हणत होते. बंदी तोवर झालीच नव्हती. सरकारी निवेदनासाठी पीआयबी, म्हणजे केंद्राचं पत्र सूचना कार्यालय, भावासाठी पणन मंडळाचं संकेतस्थळ आणि बाजार समितीचा रोजचा तक्ता.

डिसेंबरची ती पीडीएफ आज पुन्हा उघडली. क्रमांक होता, तारीख होती, सही होती. संकेतस्थळावर जाऊन तोच क्रमांक शोधायला पाच मिनिटं लागली. त्या रात्री ती पाच मिनिटं कुणीच दिली नाहीत, मीसुद्धा नाही.

त्याच कागदात एक ओळ आहे जी तेव्हा एकाही बातमीत वाचल्याचं आठवत नाही. दुसऱ्या देशाने विनंती केली तर केंद्र सरकार त्या देशापुरती परवानगी देऊ शकेल. ओळ वहीत लाल शाईने उतरवून घेतली.

२८ जानेवारी, रविवार

बचत गटाच्या एक काकू पदराखाली मोबाइल धरून आल्या. "कांद्याला क्विंटलला साडेतीनशे रुपये अनुदान, अर्ज भरायचाय." बातमी खरी होती. वर्षापूर्वीची. राज्य सरकारने २०२३च्या मार्चमध्ये जाहीर केलेलं अनुदान, १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात विकलेल्या कांद्यासाठी, एका शेतकऱ्याला २०० क्विंटलपर्यंत. कुणीतरी बातमीचा स्क्रीनशॉट काढताना वरची तारखेची पट्टी कापली होती. मुद्दाम नसेलही, फोटो नीट बसावा म्हणून लोक कापतात.

काकूंना सांगताना जड गेलं. त्यांनी गेल्या वर्षी कांदा विकला होता, पण सातबाऱ्यावर कांद्याची नोंद नव्हती म्हणून तेव्हा अर्जच केला नव्हता. म्हणजे बातमी जुनी असून त्यांच्या जुन्या दुखण्याचीच निघाली. वहीत नोंद केली : खरी, शिळी. 'आपलं काय'मध्ये लिहिलं, या हंगामाची ई-पीक पाहणी राहू देऊ नका. काकूंच्या पिकाची नोंद मोबाइलवरून करायला त्यांच्या मुलीला बसवलं.

११ फेब्रुवारी, रविवार

एक फोटो फिरतोय, द्राक्षबागेत गोटीएवढ्या गारा. खाली 'आत्ता, निफाड'. निफाडला २६ नोव्हेंबरला गारपीट झाली होती, त्यामुळे फोटो लगेच पटतो. गूगल लेन्सवर टाकला तर दोन वर्षांपूर्वीच्या पानावर सापडला. बाहेर आभाळ निरभ्र होतं. निम्मं उत्तर खिडकीतूनच मिळालं.

१८ फेब्रुवारी, रविवार, रात्री

दुपारपासून मोबाइल थांबत नाही. 'कांदा निर्यातबंदी उठवली.' 'तीन लाख टन कांदा बाहेर जाणार.' वाहिन्यांवर पट्ट्या, संकेतस्थळांवर ठळक मथळे. उद्या शिवजयंती, पोरं मिरवणुकीच्या तयारीत होती, त्यातही सगळ्यांच्या तोंडी कांदाच. कुणी पेढे वाटले.

माझ्याकडे गटातून अकरा दुवे आले. ओळीने उघडले. अकरापैकी आठांत पहिला परिच्छेद जवळजवळ तोच, एका वाक्यातली व्याकरणाची चूकही तीच. म्हणजे बातम्या आठ आणि विहीर एक, पाणी त्याच विहिरीचं. उरलेल्या तिघांनी पहिल्या आठांचा हवाला दिला होता. अकरा जण सांगतायत म्हणून पक्कं, असं दुपारी वाटलं होतं. रात्री वहीत 'सांगतंय कोण' या रकान्यात एकच ओळ भरता आली : मंत्र्यांच्या समितीने निर्णय घेतल्याचं सांगितलं जातंय.

महासंचालनालयाचं संकेतस्थळ साडेदहापर्यंत तीनदा पाहिलं. नवी अधिसूचना नाही. रविवार आहे, उद्या येईलही. डिसेंबरचा धडा ताजा, म्हणून 'खोटी' लिहायचं नाही. कागदाशिवाय 'खरी'ही लिहायचं नाही. फळ्यावर लिहिलं : 'निर्यातबंदी उठल्याची चर्चा आहे. अधिकृत कागद अजून आलेला नाही. रात्री १०.४५.' वेळ घालायची ही कल्पना बचत गटाच्या ताईंची. फळा सकाळी वाचणाऱ्याला कळायला हवं की हे रात्रीचं आहे.

१९ फेब्रुवारी, सोमवार

कागद आज संध्याकाळपर्यंतही नाही. भाव मात्र उसळला. लासलगावला शनिवारी सरासरी १,२८० रुपये क्विंटल होता, आज १,८००. एका रविवारात क्विंटलमागे ५२० रुपये.

तात्यांनी सकाळी फळा वाचला आणि मला विचारलं, "कागुद नाही म्हणजे बंदी आहेच ना?" मी म्हटलं, आत्तापर्यंत आहे, उद्याचं सांगता येत नाही. ते म्हणाले, "मग आजच जातो. लाल कांदा काही चाळीत टिकायचा नाही. बातमी खोटी निघाली तर भाव उतरणार. खरी निघाली तर माझा रांगडा अजून वावरात आहेच." (चाळ म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड. रांगडा म्हणजे लाल कांद्यानंतर आणि उन्हाळ कांद्याआधी निघणारा.) ट्रॉली घेऊन गेले. लिलावात त्यांच्या ढिगापाशी व्यापारी आला, दोन कांदे हातात घेऊन एकमेकांवर आपटले, साल उडवली, बोली सुरू. तात्यांना १,७४० मिळाले. हिशोबपट्टी वहीत चिकटवायला दिली.

शेजारच्या आबांनी माल रोखला. "अडीच हजार होणार, सगळे म्हणतायत."

बातमी खरी असो की खोटी, बाजार तिच्यावर चालतो. आजचे १,८०० रुपये खरे आहेत, ते ज्या बातमीमुळे मिळाले तिचं अजून काहीच ठरलेलं नाही. माझ्या रकान्यांत याला जागा नव्हती. तात्यांनी ते आपलं आपण ओळखलं, कारण त्यांना त्यांचा माल माहीत होता.

२० फेब्रुवारी, मंगळवार

उत्तर आलं. ग्राहक व्यवहार सचिव रोहितकुमार सिंह यांनी सांगितलं की बंदी उठवलेली नाही, ३१ मार्चपर्यंत आहे तशीच राहणार. हे विधान वृत्तसंस्थेने त्यांच्या नावानिशी दिलं आहे. महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरही अजून डिसेंबरचीच अधिसूचना लागू. दोन्ही जुळलं. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं.

ज्यांनी रविवारी 'उठवली' लिहिलं होतं त्यांतल्या एका संकेतस्थळाने मथळा गुपचूप बदलला, जुनं चुकल्याचं कुठेही लिहिलं नाही. दुसऱ्याने त्याच पानावर वर ठळक खुलासा दिला, तारीख-वेळेसह. या दुसऱ्याबद्दल मला आदर वाटला आणि वहीत त्याच्यापुढे खूण केली. चूक कबूल करणाऱ्याची पुढची बातमी मी आधी वाचणार.

२४ फेब्रुवारी, शनिवार

आबांचा कांदा काल गेला. तात्यांपेक्षा क्विंटलला अडीचशे रुपये कमी, शिवाय माल मऊ पडला होता. मला काही बोलले नाहीत, पण फळ्यासमोर उभे राहून बराच वेळ जुनी ओळ आठवत होते. "तू लिहिलं होतंस गं, कागद नाही म्हणून. पण कागद नाही म्हणजे मी काय करायचं, ते कुठं लिहिलं होतंस?"

आबांचं म्हणणं बरोबर आहे. मी खात्रीचा भाग फळ्यावर लिहिला आणि 'आपलं काय' वहीत ठेवलं. यापुढे दोन्ही फळ्यावर. सल्ला म्हणून नाही लिहिणार, कुणाचा माल कसा आहे ते मला ठाऊक नाही. प्रश्न म्हणून लिहीन : 'तुमचा कांदा लाल की उन्हाळ? किती दिवस थांबू शकतो?'

२८ फेब्रुवारी, बुधवार

आज यवतमाळहून पीएम किसानचा १६वा हप्ता सुटला, जोडीला राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे दोन हप्ते. 'खात्यात सहा हजार' ही बातमी खरी. फळ्यावर लिहिलं आणि खाली : केवायसी झालं असेल तर. गावात तिघांचं राहिलं आहे. त्यांच्यासाठी ही बातमी अजून खरी नाही.

२ मार्च, शनिवार

'६४,४०० टन कांदा निर्यातीला परवानगी.' यावेळी कागद आहे, अधिसूचना सापडली. बांगलादेशाला ५०,००० टन, संयुक्त अरब अमिरातीला १४,४००, तोही तिमाहीला ३,६०० टनांच्या मर्यादेत. पाठवणार नॅशनल कोऑपरेटिव्ह एक्सपोर्ट्स लिमिटेड ही सहकारी संस्था. म्हणजे डिसेंबरच्या कागदातली ती लाल शाईची ओळ आता कामाला आली. बंदी तशीच आहे, बंदीच्या आतून दोन देशांना दार किलकिलं केलं आहे.

गटावर पुन्हा 'बंदी उठली' सुरू. आज उत्तर द्यायला पाच मिनिटं लागली. लाल ओळीचा फोटो काढून टाकला.

'कोणत्या मालाला' या रकान्यासमोर आता 'पाठवणार कोण' हा पोटरकाना. खासगी निर्यातदार यात नाही. आपल्या भागातला व्यापारी उद्या या परवानगीवर खळ्यात माल भरणार नाही, त्यामुळे बोली लगेच वाढेल असं समजून कुणी थांबू नये.

८ मार्च, शुक्रवार

आणखी तीन देश : बहारीन ३,००० टन, मॉरिशस १,२००, भूतान ५५०. वहीच्या शेवटच्या पानावर देशवार यादी सुरू केली. ताई म्हणाल्या, किराणाची यादी ठेवतो तशी ठेवू, बेरीज चालू राहील.

२३ मार्च, शनिवार

वाचनालयाच्या दिनदर्शिकेत ३१ मार्चभोवती सगळ्यांनी मिळून गोल केला होता. उन्हाळ कांद्याची काढणी त्या बेताने धरली होती लोकांनी. काल रात्री अधिसूचना आली : बंदी पुढील आदेशापर्यंत चालू.

या बातमीला खात्री करायला काही लागलं नाही, क्रमांकासह कागद तासाभरात मिळाला. त्रास वेगळा झाला. 'कधीपर्यंत' या रकान्यात तारीखच नाही. आजवर आम्ही तारखेवर हिशोब करत आलो. आता तात्या विचारतायत, उन्हाळ कांदा चाळीत भरायचा तर किती महिन्यांच्या बोलीवर? उत्तर बातमीत नाही, सरकारी कागदातही नाही. फळ्यावर लिहिताना खडू दोनदा मोडला. एवढंच लिहिलं : 'बंदी चालू. संपण्याची तारीख दिलेली नाही. ३१ मार्च विसरा.'

गोल केलेली तारीख कुणी पुसली नाही. तिथून जाताना सगळे पाहतात.

१७ एप्रिल, बुधवार

महिन्याच्या सुरुवातीला अमिरातीला जादा १०,००० टन, आता पुन्हा अमिरातीला १०,००० आणि श्रीलंकेला १०,०००. यादीत भरले. काढणीमुळे वहीला वेळ कमी मिळतो. उन्हात पात वाळतेय, माना सुकल्याशिवाय कापायचं नाही म्हणून तात्या रोज दोन बोटांत कांद्याची मान दाबून पाहतात.

निवडणूक आहे, आपल्याकडे २० मेला मतदान. कांद्याच्या बातम्यांना आता दोन्ही बाजूंनी धार आहे. ज्या बातमीने राग आला किंवा फार बरं वाटलं, ती त्या दिवशी फळ्यावर न लिहिता एक रात्र वहीत ठेवायची असं आम्ही ठरवलं.

२६ एप्रिल, शुक्रवार

'कांदा निर्यातीला केंद्राची परवानगी.' मथळा एवढाच. आत दुसऱ्या परिच्छेदात : २,००० टन, पांढरा कांदा, गुजरातचा. पाठवायचा तो मुंद्रा, पिपावाव आणि न्हावाशेवा बंदरांतून, आणि गुजरातच्या फलोत्पादन आयुक्तांच्या दाखल्यावर.

आपल्या वावरात पांढरा कांदा नाही आणि आपण गुजरातेत नाही. बातमी शंभर टक्के खरी आणि आपल्याला शून्य टक्के लागू. तरी तिच्यावर आज गावात सगळ्यांत जास्त बोलणं झालं, कारण तिने दुखावलं सगळ्यांनाच. नाशिकच्या कांद्याला कुलूप आणि शेजारच्याला किल्ली. हा राग खोटा नाही आणि मी तो कुणाला गिळायला सांगणार नाही. पण 'ट्रॉली जोडू का' या प्रश्नाला या बातमीने काही फरक पडत नाही, हेही लिहावं लागलं. दोन ओळी लिहिल्या. पहिलीत बातमी. दुसरीत : 'आपल्या लाल आणि उन्हाळ कांद्यासाठी नियम बदललेला नाही.'

२८ एप्रिल, रविवार

ही नोंद सविस्तर लिहिते.

काल दुपारी सरकारी निवेदन आलं. पीआयबीवर. सहा देशांना ९९,१५० टन कांदा निर्यातीला परवानगी : बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस, श्रीलंका. संध्याकाळपर्यंत सगळीकडे 'मोठा निर्णय', 'जवळपास एक लाख टन'. गावात आनंद. मला अविश्वास ठेवायला काही कारण नव्हतं. सरकारचं अधिकृत पान, नावनिशीवार देश, नेमका आकडा. आमच्या सगळ्या कसोट्या ही बातमी पार करत होती. मी खडू हातात घेतला होता.

ताई म्हणाल्या, "थांब. हे सहा देश मी लिहिलेत कुठेतरी."

वहीचं शेवटचं पान काढलं. बांगलादेश ५०,०००. अमिराती १४,४००, मग १०,०००, मग पुन्हा १०,०००. बहारीन ३,०००. मॉरिशस १,२००. भूतान ५५०. श्रीलंका १०,०००. ताईंनी पेन्सिलीने खाली रेघ मारली आणि तोंडाने मोजत बेरीज केली. चौसष्ट हजार चारशे. सदुसष्ट चारशे. अडुसष्ट सहाशे. एकोणसत्तर एकशे पन्नास. त्यात तीन वेळा दहा हजार.

नव्याण्णव हजार एकशे पन्नास.

दोघी कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत राहिलो. एक टनाचाही फरक नाही. नवी परवानगी एक किलोचीही नव्हती. मार्चपासून तुकड्या-तुकड्याने दिलेलं सगळं एकत्र मोजून सांगितलं होतं. निवेदनातलं एकही वाक्य खोटं म्हणता येणार नाही. परवानगी दिली आहे, हे खरंच. कधी दिली, ते वाचणाऱ्याने समजून घ्यायचं.

अधिकृत कागद असला की झालं, असं मी जानेवारीपासून शिकवत होते. काल कागद होता, आणि तो वाचून गाव चुकलं असतं. वाचवलं ते चौथी शिकलेल्या बाईने ठेवलेल्या यादीने. बातमी आधीच्या बातमीशेजारी ठेवल्याशिवाय तिची किंमत कळत नाही. ही गोष्ट मला कुठल्या कार्यशाळेत कुणी सांगितली नव्हती.

फळ्यावर आज सकाळी पूर्ण बेरीज मांडली, उभी, शाळेतल्यासारखी, खाली दोन रेघा मारून. लोक उभे राहून स्वतः मोजत होते. एका पोराने मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून पाहिली आणि मग आपल्या वडिलांना बोलावून आणलं. संध्याकाळपर्यंत त्या फळ्याचे फोटो शेजारच्या दोन गावांत गेले होते. खाली आम्ही तारीख आणि वेळ घातली होती, ती कुणी कापली नाही.

४ मे, शनिवार

आज खरंच उठली.

सकाळी सातला गटावर आलं. आठपर्यंत मी अधिसूचना वाचून काढली : निर्यात खुली, टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य, पुढील आदेशापर्यंत. शुल्काचा कागद वेगळा असतो हे जानेवारीतच लिहून ठेवलं होतं म्हणून वित्त मंत्रालयाकडे पाहिलं. ४० टक्के निर्यात शुल्क आजपासून. काही बातम्यांत पहिला भाग होता, दुसरा नव्हता.

गटावर एकाने लिहिलं, 'आता शेतकऱ्याला ४६ रुपये किलो.' कुठून आलं ते लक्षात आलं. ५५० डॉलर, डॉलरला ८३ रुपयांच्या वर, म्हणजे टनाला सुमारे ४६ हजार, किलोला ४६. हिशोब बरोबर, अर्थ चुकीचा. ४६ रुपये हे परदेशात ज्या भावाखाली विकता येणार नाही तो भाव. त्यावर ४० टक्के शुल्क चढवलं की ६४ रुपयांच्या घरात. एवढ्या महाग कांद्याला बाहेर गिऱ्हाईक किती, यावर व्यापारी इथे बोली लावणार. आपल्याकडे गेले काही आठवडे किलोला वीस रुपयेही सुटत नव्हते.

फळा तीन भागांत केला. बंदी उठली, कागद पाहिला. शुल्क ४० टक्के, कागद पाहिला. ४६ रुपये हा आपला भाव नाही. खाली आबांसाठी, आणि सगळ्यांसाठीच : 'तुमचा उन्हाळ किती दिवस थांबू शकतो? पैशांची नड कधी आहे?'

आबा पहिले आले. वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "चाळीत वरचा थर मऊ आहे, तो आज काढतो. खालचा राहू दे."

९ मे, गुरुवार

वहीची चार पानं उरली. ताईंनी नवी आणली, दोनशे पानी, आणि तिच्या शेवटच्या पानावर आधीच 'देश, टन, तारीख' असे तीन रकाने आखून ठेवले.

तात्यांची चाळ भरून झाली. बांबूच्या फटींतून वारा जातो की नाही ते हात लावून पाहिलं. मग वही मागितली. आजवर त्यांनी तिच्यात स्वतः काही लिहिलं नव्हतं. ४ मेच्या नोंदीसमोर, 'आपलं काय'मध्ये, पेन्सिलीने लिहिलं : निम्मा माल जूनमध्ये, पेरणीच्या पैशाला. निम्मा पोळ्यापर्यंत. पुढचा कागद आला की पुन्हा बघू.